रेडिओ-कंट्रोल विमान बांधताना आणि पहिल्यांदा उडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, शब्द तेवढे बदलतात. बहुतेकांना मोटरबद्दल विचारायचं असतं. विमानं पडतात ती मात्र सहसा तोल, उलटा सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग हलवणारी छोटी मोटर) किंवा दुपारचं ऊन यांमुळे, म्हणून उत्तरांमध्येही या गोष्टींना जास्त जागा दिली आहे. आकडे समजायला सोपे जावेत यासाठी उदाहरणाला सगळीकडे एकच विमान घेतलं आहे: पंखविस्तार १२० सेंमी, २० सेंमी रुंदीचा सरळ आयताकृती पंख, बॅटरीसकट वजन ९०० ग्रॅम.

१. मी अगदी नवीन आहे. पहिलं विमान कोणतं बांधू? मला सुखोई हवंय.

सुखोई तिसरं किंवा चौथं ठेवा. पहिलं विमान हाय-विंग ट्रेनर असावं: पंख धडाच्या वर, दोन्ही टोकं थोडी वर उचललेली, सरळ आयताकृती पंख, मोटर नाकावर. पंखांची टोकं वर असली की विमान कलल्यावर बऱ्याच अंशी आपलं आपण सरळ होतं. आणखी एक फायदा वेगाचा. आपल्या ९०० ग्रॅमच्या विमानाच्या पंखाचं क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर भरतं, म्हणजे दर चौरस डेसिमीटरवर साधारण ३७ ग्रॅम. एवढ्या भाराचं विमान वेग ताशी २७-२८ किमीपर्यंत उतरला तरी हवेत टिकतं. तेच वजन लढाऊ विमानाच्या छोट्या पंखांवर टाकलं तर त्याला बराच जास्त वेग लागतो, आणि तेवढ्या वेगात विचार करायला नवशिक्याला वेळ मिळत नाही.

२. मला ड्रोन चांगला उडवता येतो. मग विमान सोपं जाईल ना?

स्टिकची ओळख कामी येईल, सवय मात्र नडेल. ड्रोनची स्टिक सोडली की तो जागेवर थांबतो. विमान थांबलं की पडतं. घाबरल्यावर थ्रॉटल (मोटरचा वेग) शून्यावर आणून एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी फळी) ओढायची सवय ड्रोनवाल्यांना असते आणि विमानाला ती सर्वांत घातक. आधी सिम्युलेटरवर हात बसवा. 'पिकासिम' फुकट आहे, आणि ट्रान्समीटर (हातातला रिमोट) केबलने संगणकाला जोडता येतो.

३. बाल्सा घ्यावं की फोम? आणि सनबोर्ड चालेल का?

सनबोर्ड नको. बॅनरवाल्याकडे मिळणारं ते पांढरं पीव्हीसी बोर्ड दिसतं छान, पण फोमबोर्डच्या कित्येक पट जड असतं. सनपॅकचंही (पोकळ नळ्यांचा प्लास्टिक बोर्ड) तेच, फक्त ते आपटलं तरी तुटत नाही, त्यामुळे लँडिंग गिअरच्या (चाकांच्या जोडणीच्या) जागी छोटा तुकडा लावायला बरं. पहिल्या विमानासाठी आर्किटेक्चरची मुलं मॉडेलला वापरतात तो दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेला ५ मिमीचा फोमबोर्ड घ्या. प्रत्येक दुकानातल्या शीटचं वजन वेगळं असतं, म्हणून खिशात छोटा वजनकाटा ठेवा आणि हलकी शीट निवडा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

चिकटवायला हॉट ग्लू चालतो. उघड्या थर्माकोलवर फेविक्विक कधीच टाकू नका, फोम वितळून खड्डा पडतो. बाल्सा सुंदर उडतं, पण पहिल्या दोन-चार आपटण्यांत आठवड्यांची मेहनत काड्या होऊन हातात येते. त्यातून तुम्ही कोकणात असाल तर पावसाळ्यात उघडं बाल्सा दमट हवेने वाकतं. बांधल्यावर लगेच फिल्म चढवा आणि पंख सपाट फळीवर ठेवा.

४. मोटर, ईएससी, प्रोप आणि बॅटरी यांचा मेळ कसा घालायचा?

आपल्या विमानासाठी नेहमीचा संच असा: २२१२ मापाची १००० केव्हीची ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारं सर्किट), १० × ४.५ चा प्रोप (पंखा, व्यास आणि पिच इंचांत), ३एस म्हणजे तीन सेलची २२०० एमएएचची लिपो बॅटरी आणि ९ ग्रॅमचे चार सर्व्हो. जमिनीवर साधारण ८०० ग्रॅम थ्रस्ट (ओढण्याचा जोर) मिळतो. ट्रेनरला वजनाच्या ६० टक्के थ्रस्ट पुरतो, त्यामुळे इथे भरपूर शिल्लक राहतो.

केव्ही म्हणजे बिनभाराच्या मोटरचे एका व्होल्टला मिनिटाला पडणारे फेरे. तो आकडा मोठा म्हणजे मोटर जास्त ताकदवान, हा गैरसमज आहे. मोठ्या केव्हीच्या मोटरला छोटा प्रोप लागतो. १४०० केव्हीच्या मोटरला १० इंची प्रोप लावून पूर्ण थ्रॉटल दिला तर आधी वास येईल, मग धूर.

५. ट्रान्समीटर कोणता? मोड १ आणि मोड २ म्हणजे काय?

सहा चॅनेलचा कोणताही २.४ गिगाहर्ट्झचा सेट चालेल. आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात फ्लायस्काय एफएस-आय६ वर होते. मोड २ मध्ये थ्रॉटल डाव्या हाताला असतो, मोड १ मध्ये उजव्या. तुमच्या मैदानावर जो मोड चालतो तो घ्या, कारण अडचणीत शेजारच्याला ट्रान्समीटर हातात घेता आला पाहिजे. जुना ७२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टलवाला सेट काकांच्या माळ्यावर सापडला असेल तर आठवण म्हणून जपून ठेवा, उडवायला नको.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर विमानाने काय करायचं ते, स्वतः सेट करा. प्रोप काढा, मोटर मंद चालू ठेवा आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली पाहिजे. चालूच राहिली तर ते विमान मैदानावर नेऊ नका.

६. सीजी नेमका कुठे ठेवायचा आणि कसा तपासायचा?

आयताकृती पंखाच्या ट्रेनरचा गुरुत्वमध्य, म्हणजेच सीजी, पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर असावा. आपल्या २० सेंमीच्या पंखावर हे अंतर ५ ते ६ सेंमी येतं. पहिल्या उड्डाणाला ५ सेंमीवरच राहा.

पंखाखाली दोन्ही बाजूंना, धडापासून सारख्या अंतरावर, ५ सेंमीवर पेनाने खूण करा. बॅटरी, प्रोप, चाकं, सगळं जागेवर बसवा. बॅटरी न लावता सीजी बघणारे दर मोसमात भेटतात. हाय-विंग विमान खुणांवर दोन बोटांनी उचला. नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा. तेवढ्याने भागलं नाही तरच नाकात वजन भरा आणि ते आतून चिकटवा. सेलोटेपने लावलेली नाणी हवेत निघून पडली की सीजी उड्डाणाच्या मध्येच बदलतो.

इतका काटेकोरपणा कशासाठी? सीजी पुढे गेला तर विमान सुस्त होतं आणि उतरताना एलिव्हेटर जास्त ओढावा लागतो, पण ते तुमचं ऐकतं. सीजी मागे गेला तर विमानाचा स्वतःहून सावरण्याचा गुण नाहीसा होतो. नाक थोडं वर गेलं की आणखी वर जातं, तुम्ही ढकलता तर खाली कोसळतं, आणि दोन-तीन हेलकाव्यांत जमीन येते. अशा वेळी ट्रिम (कंट्रोलची मधली जागा थोडी सरकवणारं बटण) कितीही फिरवला तरी काही होत नाही. बघणारे 'वारा आला' म्हणतात, खरं तर बॅटरी दोन सेंमी मागे होती.

आडवा तोलही बघा. मोटरचा शाफ्ट आणि शेपटीचं टोक धरून विमान उचला. एकच पंख कायम खाली जात असेल तर दुसऱ्याच्या टोकाला थोडं वजन लावा.

शेपूट नसलेल्या विमानाला यातले आकडे लागू नाहीत, त्यासाठी प्रश्न १६ पाहा.

७. कंट्रोल उलटे नाहीत हे कसं ओळखायचं? दर वेळी गोंधळ होतो.

विमानाच्या मागे, त्याच्याच दिशेने तोंड करून उभं राहा. समोरून कधीच तपासू नका, निम्मा गोंधळ तिथेच होतो. स्टिक उजवीकडे नेली की उजवं आयलेरॉन (विमान कलवणारी पंखाच्या मागच्या कडेची पट्टी) वर आणि डावं खाली. स्टिक आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर. रडर (शेपटीची उभी हलती फळी) उजवीकडे दिला की त्याची मागची कड उजवीकडे. आयलेरॉन पाहताना स्टिककडच्या बाजूचंच पाहा: जिकडे स्टिक, तिकडचं वर.

ही तपासणी प्रत्येक उड्डाणाआधी करायची. घरी केली होती म्हणून मैदानावर टाळली तर अडकाल, कारण मधल्या काळात कोणीतरी ट्रान्समीटरमधलं दुसरं मॉडेल निवडलेलं असतं.

मग हालचाल किती हवी ते पाहा. मागच्या कडेला एलिव्हेटर १० ते १२ मिमी वर-खाली, आयलेरॉन तेवढंच, रडर दुप्पट. ३० टक्के एक्स्पो (स्टिकचा मधला भाग मंद करणारी ट्रान्समीटरची सेटिंग) ठेवलात तर थरथरत्या हाताचे धक्के मधल्या भागात कमी पोचतात. एलिव्हेटर ३० मिमी हलतो म्हणून खूश होणाऱ्यांनी विमान घोड्यासारखं उधळताना पाहायची तयारी ठेवावी.

८. लिपो फुटते म्हणतात. घरात ठेवायची कशी?

भीती रास्त आहे, पण नियम थोडेच आहेत. पूर्ण चार्ज म्हणजे प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट. उतरल्यावर विसावलेला सेल ३.५ च्या खाली नको. आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ वर आणून ठेवा. चार्जिंग १सी ने, म्हणजे २२०० एमएएचला २.२ अँपिअर, बॅलन्स वायर (सगळे सेल सारखे चार्ज व्हावेत म्हणून असलेली) लावून आणि समोर बसून. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. दुपारी बंद गाडीत बॅटरी ठेवायची नाही, विशेषतः विदर्भातल्या मे महिन्यात. विमानप्रवासात ती केबिन बॅगेतच न्यावी लागते. ३एस २२०० ची ऊर्जा साधारण २४ वॉट-तास आहे, १०० च्या मर्यादेच्या बरीच आत. तरी टोकांना टेप लावा.

९. परवाना लागतो का? पोलीस अडवतील का?

'ड्रोन नियम, २०२१' मध्ये मॉडेल विमानांचा स्वतंत्र उल्लेख आहे: २५ किलोपर्यंत वजन, शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणूक हाच उद्देश, आणि उड्डाण नजरेच्या टप्प्यात. अशा मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (यानाच्या बनावटीला सरकारी मान्यता) लागत नाही. २ किलोपर्यंतचं यान व्यावसायिक कामासाठी नसेल तर उडवणाऱ्याला पायलट प्रमाणपत्रही लागत नाही. नोंदणी करून ओळख क्रमांक घेण्याची अट मात्र आहे. सरकारी ड्रोन नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत परवानगीविना उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात हीच मर्यादा ६० मीटर होते. त्याहून जवळ परवानगीशिवाय नाही.

कागदावरच्या या नियमांपेक्षा नकाशा महत्त्वाचा. पुण्यात एका बाजूला लोहगाव विमानतळ, दुसऱ्या बाजूला खडकवासल्याचा एनडीए परिसर. नाशिकला ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी भाग. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्यात ड्रोनबरोबर रिमोटवर चालणाऱ्या विमानांचाही उल्लेख असतो. 'माझं तर फोमचं आहे' हा बचाव चालत नाही. निघण्याच्या दिवशीच नकाशा पाहा. शेतात उडवणार असाल तर मालकाला विचारा, आणि गावातल्या पोलीस पाटलांच्या कानावर घातलेलं बरं.

१०. कोणत्या वेळी आणि कुठे उडवावं?

सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास. दहानंतर काळी जमीन तापते आणि गरम हवा उसळ्या मारत वर येते, हलकं विमान त्यात हेलकावतं. आपलं विमान ताशी २८ किमीच्या खाली पडतं हे धरलं, तर ताशी १५ किमीचा वारा म्हणजे त्याच्या अर्ध्याहून जास्त. पहिल्या उड्डाणाला वारा १० च्या आत हवा.

जागेसाठी रब्बीची काढणी झालेली शेतं उत्तम, मात्र विजेच्या तारा लांब हव्यात. क्रिकेटचं मैदान रिकामं दिसलं तरी साडेसातला पोरं येतातच. जानेवारीत पतंग आणि मांजा, म्हणून संक्रांतीच्या आसपास गावाजवळ नकोच. घारी घिरट्या घालू लागल्या तर उतरवा आणि थांबा. त्यांच्याशी खेळायला जाऊ नका. त्यांना इजा होते, तुमचा प्रोप धारदार आहे.

११. पहिलं उड्डाण नेमकं कसं करायचं?

शक्य असेल तर स्वतः करू नका. अनुभवी माणसाच्या हाती द्या, त्याला ट्रिम करू द्या, मग उंचीवर ट्रान्समीटर हातात घ्या. यात कमीपणा काहीच नाही, जुने उडवणारेही नवं विमान एकमेकांना दाखवून घेतात. असा माणूस मिळत नसेल तर असं करा.

आधी प्रश्न ६ आणि ७ मधल्या तपासण्या. मग रेंज: मित्राला विमान घट्ट धरायला सांगा, तुम्ही शंभरेक पावलं लांब जा आणि प्रत्येक कंट्रोल हलवा. मोटर चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा. मोटर चालू झाल्यावर सर्व्हो थरथरत असतील तर उडवू नका, रिसीव्हर (विमानातला सिग्नल घेणारा भाग) ईएससीपासून दूर न्या.

ट्रान्समीटरच्या अँटेनाला कापडाची बारीक पट्टी बांधा, वारा कुठून येतो ते तीच सांगेल. हातातून सोडायचं असेल तर फेकणारा वेगळा असावा, तुमची दोन्ही बोटं स्टिकवर हवीत. थ्रॉटल तीन-चतुर्थांश, विमान वाऱ्याच्या तोंडावर, पंख सपाट, आणि फेक भाल्यासारखी सरळ. वर फेकायचं नाही. सुटल्यावर वेग येईपर्यंत दोन सेकंद एलिव्हेटरला हात लावू नका.

पन्नास-साठ मीटर उंची घ्या, घाईने वळू नका. वर गेल्यावर थ्रॉटल अर्ध्यावर आणा आणि ट्रिम करा: आधी आयलेरॉन, मग एलिव्हेटर. मग त्याच उंचीवर थ्रॉटल पूर्ण कमी करून हळूहळू एलिव्हेटर ओढा आणि विमान कसं पडतं ते पाहा. सरळ नाक टाकत असेल तर छान. एक पंख टाकून वळत असेल तर उतरताना कधीही कमी वेगात वळायचं नाही, हे आत्ताच कळलं. पहिल्या दिवशी टायमर पाच मिनिटांचा लावा. २२०० ची बॅटरी त्याहून जास्त चालते, पण उतरायला दोन-तीन प्रयत्न लागतात.

लूप आणि रोल मारायचा नाही. मित्र मोबाइल घेऊन उभा असला तरी नाही.

१२. फेकलं की डावीकडे कलून आपटतं. दर वेळी डावीकडेच का?

प्रोप मागून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे लोळवते. फेकल्यावर वेग कमी, थ्रॉटल पूर्ण, म्हणून ती तेव्हाच सर्वांत जास्त जाणवते, आणि आयलेरॉनना काम करायला वारा पुरेसा नसतो. मोटर २ अंश उजवीकडे आणि २ अंश खाली कलवून बसवा, फेक जोरात करा, थ्रॉटल थोडा कमी ठेवा. तरीही डावीकडेच गेलं तर पंखाला पीळ आहे का ते मागून डोळा लावून पाहा.

१३. विमान माझ्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं. उपाय?

जो पंख खाली झुकलाय, स्टिक त्याच्याकडे न्या, म्हणजे खालून टेकू दिल्याप्रमाणे. येणाऱ्या विमानाला एवढं सूत्र पुरतं. शरीर थोडं वळवून विमानाच्या दिशेने खांदा करून उभं राहणंही उपयोगी. पंखाखाली एका बाजूला गडद रंगाचे जाड पट्टे मारले तर लांबून वरखाली कळतं. राखाडी विमान ढगाळ सकाळी दिसेनासं होतं.

१४. उडतंय बरं, पण थ्रॉटल बदलला की नाक वर-खाली होतं. सीजी चुकलाय का?

थ्रॉटलनुसारच बदलत असेल तर आधी मोटरचा कोन पाहा. थ्रॉटल वाढवल्यावर नाक झपकन वर जात असेल तर मोटर थोडी खाली कलवा. सीजी वेगळ्या रीतीने कळतो: भरपूर उंचीवर थ्रॉटल बंद, ४५ अंशात सूर, आणि एलिव्हेटर सोडून द्या. विमान झटक्यात वर आलं तर नाक जड. सूर आणखी तीव्र झाला तर शेपूट जड, लगेच सावरून उतरवा. अलगद वर आलं तर हात लावू नका.

१५. हवेत अचानक मोटर बंद पडली, पण सर्व्हो चालत होते. असं कसं?

बॅटरी एका मर्यादेखाली गेली की ईएससी मोटरची वीज तोडतो आणि उरलेली वीज सर्व्होंसाठी राखतो. थ्रॉटल शून्यावर नेऊन पुन्हा थोडा दिला तर काही सेकंद मिळतात, त्यावर भरवसा नको. नाक किंचित खाली ठेवा आणि समोर उतरा. धावपट्टीपर्यंत पोचवण्यासाठी एलिव्हेटर ओढत राहिलात तर वेग संपून तिथेच पडेल.

सर्व्होही बंद पडले असतील तर कारण वेगळं: ईएससीतला ५ व्होल्टचा पुरवठा, म्हणजे बीईसी, तापून बसला. ९ ग्रॅमचे चार सर्व्हो ३एस वर स्वस्त ईएससी सांभाळतो. सहा सर्व्हो किंवा ४एस केलं की वेगळा बीईसी लावा. दोन मोटरच्या विमानात दोन्ही ईएससींपैकी एकाची लाल वायर रिसीव्हरच्या प्लगमधून काढून ठेवा, म्हणजे दोन पुरवठे एकमेकांशी भांडणार नाहीत.

१६. शेपूट नसलेलं फ्लाइंग विंग बांधतोय. प्रश्न ६ चा सीजी चालेल?

नाही. सरासरी रुंदीच्या १५ ते २० टक्क्यांवर ठेवा, म्हणजे नेहमीपेक्षा बराच पुढे. पंख मागे झुकलेला असेल तर ही रुंदी मुळाशी मोजून चालत नाही, सरासरी कॉर्ड (पंखाची सरासरी रुंदी) काढावी लागते. दोन्ही एलेव्हॉन (एलिव्हेटर आणि आयलेरॉन दोघांचं काम करणाऱ्या पट्ट्या) मध्यावर असताना मागची कड १-२ मिमी वर असू द्या, शेपटीचं काम तेच करतात. या दोन कामांचं मिक्सिंग ट्रान्समीटरमध्ये चालू केल्यावर प्रश्न ७ ची तपासणी नव्याने करा: ओढल्यावर दोन्ही वर, उजवीकडे नेल्यावर उजवं वर आणि डावं खाली. आणि पहिलं विमान म्हणून हे बांधत असाल तर प्रश्न १.

१७. जायरो लावला तर शिकायची गरजच नाही, बरोबर?

जायरो म्हणजे विमानाचा कल ओळखून आपोआप सर्व्हो हलवणारं यंत्र. चुकीचा सीजी त्याने लपतो, दुरुस्त होत नाही. सर्वांत वाईट म्हणजे जायरोची दिशा उलटी असेल तर तो प्रत्येक कलाला आणखी कलवतो, आणि स्टिकने केलेली तपासणी बरोबरच दिसते. म्हणून विमान हातात धरून उजवीकडे कलवा: उजवं आयलेरॉन खाली गेलं पाहिजे. पहिलं उड्डाण जायरो बंद ठेवूनच करा, तो स्विचवर घ्या.

१८. सेट किलोमीटरभर जातो म्हणतात. एवढ्या लांब नेऊ का?

रेडिओ पोचतो, डोळा पोचत नाही. १२० सेंमीचं विमान तीनशे मीटरवर कुठे वळतंय तेच कळेनासं होतं. अमेरिकेच्या मेनार्ड हिल यांच्या गटाने ऑगस्ट २००३ मध्ये ५ किलोच्या आतलं बाल्साचं विमान न्यूफाउंडलंडहून आयर्लंडला नेलं. ते सुमारे ३०३० किमी उडालं आणि ३८ तासांहून अधिक हवेत होतं, पण समुद्रावरचा प्रवास ऑटोपायलटवर झाला. आपल्याकडच्या नियमात नजरेचा टप्पा हीच हद्द आहे.

१९. विमान उसात पडलं. कसं शोधायचं?

पडल्या क्षणी पाय हलवू नका. ते दिसेनासं झालं त्या रेषेत क्षितिजावरचं झाड किंवा टॉवर धरा. मित्र वेगळ्या जागी उभा असेल तर त्यालाही तसंच करायला सांगा, दोन रेषा जिथे छेदतात तिथे विमान. थ्रॉटल शून्यावर आणून कुलूप करा, मग रडर हलवत चाला आणि सर्व्होचा आवाज ऐका. आवाज येत नसेल तर ट्रान्समीटर बंद करून पाहा, सिग्नल गेल्यावर बरेच ईएससी मोटरमधून बीप देतात. फेलसेफ तपासलेला नसेल (प्रश्न ५) तर हा प्रयोग करू नका, कारण मोटर सुरू होऊ शकते.

शेतात शिरण्याआधी मालकाला सांगा. वाळल्या पाचटात फुटलेली लिपो पेटली तर नुकसान विमानाचं नसतं. म्हणून अंधार पडला तरी शोध उद्यावर टाकू नका, बॅटरी आजच बाहेर काढा. विमानावर तुमचा फोन नंबर लिहिलेला असेल तर तोडणीच्या वेळी एखादा फोन येतोही.